पाकिटांची उलंगवाडी

हिवाळा लागला की कोइमतूरला माझ्या खोलीसमोरच्या रस्त्यावर एमएच एकोणतीसचे ट्रक येऊन उभे राहतात. पुढे सूतगिरण्या आहेत. फाटकात नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर लोक इथे चहा घेतात, दाढी करतात, टायरच्या सावलीत झोपतात. ताडपत्रीच्या फटीतून रुईच्या गाठींचं पोट बाहेर आलेलं असतं. कामावर जाताना मी मुद्दाम त्या बाजूनं जाते. जवळ गेलं की सरकीचा तो तेलकट, उबदार वास येतो आणि यवतमाळ जिल्हा एकदम नाकाशी येऊन उभा राहतो.

परवा एका ड्रायव्हरला विचारलं, "कुठले हो भाऊ?"

"पांढरकवड्याचा," तो म्हणाला. "तुम्ही काहून आल्या बाप्पा एवढ्या दूर?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरचं काम करते. त्यानं मला खालून वर पाहिलं. "मंग लय शिकल्या असान."

"नववी नापास."

तो हसला. त्याला ती गंमत वाटली. मीही हसले, पण दिवसभर छातीत तीच जुनी धाकधूक राहिली: एक दिवस कोणीतरी येईल आणि म्हणेल, चला बाई, उठा या खुर्चीवरून, चूक झाली होती.

संध्याकाळी मायचा फोन आला. "वेचा लागला वं," ती म्हणाली, आणि मग शेजारणीची सून, शेळीची पिल्लं, दुखणारे गुडघे असं इकडचं तिकडचं. माझं मन मात्र त्या पहिल्या वाक्यापाशीच थांबलं. वेचा लागणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला कसं सांगावं? दव पऱ्हाटीवरून, कापसाच्या झाडांवरून, उतरत असतं. लुगड्याच्या ओट्या बांधलेल्या बाया ओळीनं वावरात शिरतात. बोंडाची सुकलेली टोकं नखांच्या कडा सोलतात, आणि दुपारपर्यंत प्रत्येकीच्या पोटावर पांढरं ओझं लोंबायला लागतं. पहिल्या वेच्याला वावराची मालकीण सीतादही करायची, तेव्हा दहीभाताचा घास आमच्याही तळहातावर यायचा. आमचं स्वतःचं वावर कधीच नव्हतं. ज्याच्या वावरात कापूस, त्याच्या वावरात आम्ही.

तो एक हंगाम मात्र मी वेचायला गेले नाही. त्या हंगामात मी पाकिटं लावत होते.

ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात सतत यायचं आणि ते वाचून पान उलटवावंसं वाटायचं. नागपूर–हैदराबाद रस्त्यावरून टीव्हीवाल्यांच्या गाड्या यायच्या, धाब्यावर जेवायच्या, आणि कोणाचं घर दाखवता म्हणून विचारायच्या. माझे कॉम्प्युटरचे रफीक सर क्लासच्या माडीच्या खिडकीतून पाहत म्हणायचे, "येऊन राह्यले पाहुने. ह्यायले आपलं रडनं पाह्यजे. हसताना दिसलो त वापस जातीन." दुःख खोटं नव्हतंच. पण त्याच वर्षांत, त्याच रस्त्याच्या कडेला, कुठल्याकुठल्या देशांतल्या माणसांसाठी एक कोठार उभं राहत होतं, आणि ते कोणत्याच कॅमेऱ्यात आलं नाही.

पांढरकवड्यात एका कृषी केंद्राच्या माडीवर रफीक सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली बी-बियाणं, फवारणीच्या औषधांचा उग्र वास. वर चार कॉम्प्युटर, एक सतरंजी आणि सर. मी तिथे टायपिंगला होते. इंग्रजीत नापास झाल्यावर मी शाया सोडली, तेव्हा माय म्हणाली होती, "हात त हायेत ना." त्या हातांना सरांनी कीबोर्डवर बसवलं. मी चुकले की ते रागवायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "पाह्य बेटा, काय झालं ते वाच." पडद्यावरचं इंग्रजी मी अक्षर अक्षर लावून वाचायची. सर तोवर थांबायचे. एवढं थांबणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

हिवाळ्यात जिनिंगच्या कारखान्यातली तुसं हवेत उडायची आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसायची. डबा उघडला की आत पांढऱ्या उंदरासारखा गोळा. रंगाच्या जुन्या ब्रशनं तो काढणं हे माझं सकाळचं पहिलं काम. सर म्हणायचे, "दुनियेत कोनाच्या कॉम्प्युटरले कापूस लागत नाई. आपल्या लागते. आपन मालदार."

सर एका लहानशा मंडळात होते. मंडळ म्हणजे निरनिराळ्या देशांतले, एकमेकांना कधी न भेटलेले लोक. कॉम्प्युटरला कामं सांगायची एक नवी, छोटी भाषा त्यांनी मिळून घडवली होती. तिचं खरं नाव मला उच्चारता यायचं नाही, म्हणून मी तिला बारकी म्हणायची, आणि मग सरही बारकीच म्हणायला लागले. बारकीत एखाद्यानं एखादं अवघड काम सोडवलं, की ते बांधून दुसऱ्याला देता यायचं. दुसऱ्यानं परत डोकं चालवायची गरज नाही. घ्यायचं आणि आपल्या कामात जोडायचं. अशा बांधलेल्या कामाला सर पाकीट म्हणायचे. तोवर पाकिटं ईमेलनं इकडून तिकडे फिरायची. कोणाकडे जुनं असायचं, कोणाकडे नवं, कोणाकडे अर्धंच. सगळ्यांची पाकिटं एका जागी राहतील असं सामायिक कोठार हवं, असं मंडळात ठरलं, आणि त्याची रचना कोणी करायची म्हटल्यावर पांढरकवड्याच्या रफीक सरांनी हात वर केला.

रचना ते सतरंजीवर करायचे. खालच्या दुकानदाराकडून बियाण्याची रिकामी पाकिटं आणायची, सतरंजीभर मांडायची, आणि जे पाकीट दुसऱ्या पाकिटाच्या आधारानं चालतं त्याला दोऱ्यानं त्याच्याशी बांधायचं. मी दोरे बांधायची. थोड्या दिवसांत सतरंजीवर असं जाळं झालं की क्लासची पोट्टी दारातूनच उड्या मारत खुर्चीवर जायची. सर मध्येच एखादं पाकीट उचलायचे. त्याच्यामागे आणखी पाचसहा फरफटत यायची. "पाह्यलं?" ते म्हणायचे. "हे एकटं दिसते, पन एकटं नाई."

बियाण्याच्या पाकिटांवर चित्रं असायची. वाघ, विमान, बैलजोडी. शेतकरी नावानं बी मागत नसत, "वाघवालं द्या" म्हणत. आणि त्या वर्षांत एक भलताच वाघ बाजारात आला होता. तोंड डावीकडे करण्याऐवजी उजवीकडे केलेला, नावात एक अक्षर इकडचं तिकडे. ते बी पेरलं त्याच्या वावरात पऱ्हाटी पुरुषभर वाढली आणि बोंड धरलं नाही. सरांनी ती दोन पाकिटं शेजारी ठेवली आणि पहिला नियम लिहिला: कानाला सारखी लागणारी दोन नावं कोठारात घ्यायची नाहीत. इंग्रजीतली लहान लिपी, मोठी लिपी, मधली आडवी रेघ, असल्या फरकांनी नाव वेगळं होत नाही. मंडळातल्या एकानं विचारलं, असं फसवायला कोण बसलंय? सरांनी त्याला दोन वाघांची गोष्ट लिहून पाठवली. नियम मान्य झाला. दुसरा नियम लोडशेडिंगनं शिकवला. दुपारी लाइन गेली की आमच्या कॉम्प्युटरवरचं सगळं कोठार अंधारात. म्हणून त्याच्या नकला निरनिराळ्या देशांत ठेवायच्या. एका गावचा दिवा गेला तर दुसऱ्या गावचा जळत राहील.

मला हे सगळं पाहताना काय वाटायचं? भीती वाटायची, आणि भीतीच्या आतून काहीतरी चांगलं वाटायचं. एवढी माणसं एकमेकांना न पाहता एकमेकांच्या कामावर पाय ठेवून उभी राहतात. आमच्या गावात एका विहिरीवर दोन वस्त्यांचं जमत नव्हतं.

आमच्याच भागातलं एक पाकीट त्या कोठारात होतं. ते प्रशांतचं. पाटणबोरी रस्त्याला त्याचं घर आणि वावर. यवतमाळला कॉलेज केलेला, हुशार, जरा ऐटीतला. मला "काय वं टायपिस्ट" म्हणायचा, मी त्याला "काय गा साहेब" म्हणायची. त्या काळच्या मराठी टायपिंगमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाकावी लागे. मग कॉम्प्युटरनं शब्द ओळीनं लावले की किडा, गिधाड, पिवळा, सगळे वेलांटीवाले एका ढिगात पडत. प्रशांतनं त्यावर पाकीट बांधलं. शब्द बाराखडीच्या क्रमानं बसवणारं. नावही बाराखडीच. बघता बघता नेपाळपर्यंतच्या लोकांनी ते उचललं, कारण तिकडेही लिपी हीच. सतरंजीवर सगळ्यांत जास्त दोरे बाराखडीला होते.

त्यांतला एक दोरा माझा होता. आत्राम गुरुजी म्हणून कोलाम समाजातले एक शिक्षक होते. पोडापोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यावस्त्यांवर जाऊन, म्हाताऱ्यांपाशी बसून त्यांनी कोलामी बोलीचे शब्द जमवले होते. म्हातारी माणसं जात चालली होती आणि पोरं शाळेत मराठी बोलत होती. गुरुजींना त्या शब्दांचं पुस्तक करून पोडावरच्या शाळांत ठेवायचं होतं. ते कागद घेऊन यायचे, मी टाइप करायची. ईर म्हणजे पाणी. किस म्हणजे विस्तव. तो 'किस' प्रशांतच्या पाकिटाशिवाय थेट ढिगाऱ्यात जायचा. पुस्तक अर्ध्याच्या वर लागलं होतं.

अशात एक दिवस प्रशांत पेढे घेऊन आला. हैदराबादच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. सरांनी त्याला छातीशी धरलं. मग तो सतरंजीच्या कडेला उकिडवा बसला आणि म्हणाला, "सर, एक काम होतं. बाराखडी काढून टाका."

"काढून म्हंजे?"

"कोठारातून. कंपनी बी असलंच काम करते. तुह्यं बाहेर काई फुकट ठेवलं असन त ते आधी बंद कर म्हनते. नाई त येऊ नको म्हनते."

सर सतरंजीवर वाकले. त्यांनी बाराखडीचं पाकीट उचललं आणि वर धरलं. सतरंजीचा एक अख्खा कोपरा दोऱ्यांनी ओढला जाऊन उभा राहिला.

"मले दिसते ना सर," प्रशांत म्हणाला. "पन तुमीच लिवलं हाये. ज्याचं त्याचं. मालकाले वाटन तवा तो काढीन."

ते खरं होतं. मंडळाकडे पाठवायच्या नियमांच्या मसुद्यात सरांनी तसंच लिहिलं होतं. मालकाचा मान म्हणून लिहिलं होतं. माझ्या हाताखालच्या कागदावर गुरुजींचा पुढचा शब्द होता. मला प्रशांतचा राग आला नाही, हे खरं सांगते. त्या वर्षांत आमच्याकडच्या पोराला नोकरी लागणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. त्याच्या मायनं आख्ख्या गावाला पेढे वाटले होते.

"उद्या उलंगवाडी हाये आमची," उठताना तो म्हणाला. "मंग निंगतोच. तवापर्यंत पाहा सर काई त."

दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये बसून आम्ही त्याच्या वावरात गेलो. सर, गुरुजी आणि मी. काय बोलायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. उलंगवाडी म्हणजे कापसाचा शेवट. अखेरचा वेचा झाला की मालक वावर मोकळं करतो. गुरं चरायला आत सोडतात, आणि झाडावर चुकूनमाकून राहिलेला सरवा ज्याला हवा त्यानं वेचून न्यावा. त्या दिवसापासून मालक त्या कापसावर हक्क सांगत नाही. आम्ही पोचलो तेव्हा गाई पऱ्हाटीची पानं ओरबाडत होत्या, त्यांच्या पायांतून वस्तीतल्या बाया कवडीचा, अर्धवट फुटलेल्या बोंडांतला, कापूस वेचत होत्या, आणि बांधावर प्रशांतची माय चूल मांडून चहा करत होती.

"या मास्तर," ती म्हणाली. "पोट्टं चाललं माह्यं. आता गाईच राखतीन वावर."

वेचणाऱ्यांतली एक बाई ओरडली, "काकू, त्याले सांगा तिकडून लुगडं आनजो म्हना, सरवा किती वेचाव आमी?" बाया हसल्या.

गुरुजी प्रशांतजवळ गेले. "पोरा," ते म्हणाले, "तुझी नोकरी अडत असेल तर काढून टाक. शब्द माझ्यापाशी आहेत. मी हातानं लावीन परत, मला वेळ आहे." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. प्रशांत पायानं ढेकूळ फोडत राहिला.

सर कधीचे त्या बायांकडे पाहत होते. "प्रशांत," ते म्हणाले, "आज वावर कोनाचं?"

"माह्यं."

"अन् हे वेचून राह्यल्या तो कापूस?"

"वेचीन त्याचा."

"अन् दिवायीचा वेचा जिनिंगले गेला, तो वापस मांगशील?"

"येडे झाले का सर? तो काय झाडाले परत लागते?"

"तेच म्हनतो मी. वावर बंद कर. आजपासून नव्या मानसाले तुह्यं पाकीट दिसनार नाई, भेटनार नाई. तुह्या नावाचं वावर तुह्यंच राहीन, दुसरा कोनी त्या नावानं पेरनार नाई. पन ज्यायनं आधीच वेचून नेलं, आपल्या कामात घातलं, त्यायच्या घरातून कायले वढून आनतो?"

प्रशांत गप्प बसणारा नव्हता. "सर, कापूस वेगया. कापूस एकदा गेला का माह्यापासून गेला. हे त त्यायच्या जवय बी राह्यते अन् माह्या जवय बी."

"मंग त आनखी चांगलं," सर म्हणाले. "तुह्यं काय कमी होते?"

 प्रशांतची माय चहाचे कप पुढे करत म्हणाली, "मले काई समजलं नाई. पन मास्तर म्हनतात ते कर बाप्पा, अन् चहा घे."

परत येताना काळीपिवळीत सर खिडकीशी बसून एकटेच पुटपुटत होते. क्लासवर आल्या आल्या त्यांनी जुना मसुदा खोडला आणि नवा लिहायला घेतला. मालकाला पाकीट बंद करता येईल. बंद केलेलं पाकीट शोधणाऱ्याला दिसणार नाही. पण ज्यांचं काम आधीच त्याच्यावर उभं आहे त्यांना ते जसं होतं तसं मिळत राहील, आणि त्यात पुढे कोणीच काही बदलणार नाही, मालकसुद्धा. या करण्याला इंग्रजीत काय म्हणावं, ते सरांना सुचेना. काढणं म्हणावं तर काढलेलं नाही, लपवणं म्हणावं तर चोरी वाटते. पोस्टाची वेळ गाठायची असल्यासारखी घाई होती, कारण लाइन जायला थोडाच वेळ राहिला होता. त्यांनी रिकाम्या जागी तूर्त 'उलंग' एवढंच लिहून पाठवून दिलं. नंतर कोणी चांगला शब्द सुचवेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी इंडोनेशियाच्या एका सभासदानं नम्रपणे कळवलं की त्याच्या भाषेत उलंग म्हणजे पुन्हा. बंद करण्याला तुम्ही पुन्हा का म्हणता, त्याला समजत नव्हतं. सर इतके हसले की खालचा दुकानदार वर पाहायला आला. मग त्यांनी उलंगवाडी काय असते ते सविस्तर लिहिलं. गाई, बाया, बांधावरचा चहा, सगळं. त्यानंतर कोणी दुसरा शब्द सुचवलाच नाही. आज कोइमतूरला माझ्या शेजारच्या खुर्चीवरची पोरगी एखादं जुनं पाकीट बंद केलं की "उलंग पण्णिट्टेन" म्हणते, उलंग करून टाकलं. तिला वाटतं हा शब्द अमेरिकेतून आला. मी एकदा सांगायला गेले, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना.

नियम झाला तरी प्रशांतचं कुठे ठरलं होतं? कंपनीनं काढ म्हटलं होतं. बंद कर आणि काढ यांतला फरक ती मानेल की नाही, कोण सांगणार? तो एसटीडी बूथमध्ये शिरला. सर आणि मी बाहेर. काचेतून त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नाही. त्यानं काहीच लपवलं नाही, हे त्यानं नंतर सांगितलं: नव्या माणसाला मिळणार नाही, जुन्यांकडे राहील. पलीकडचा माणूस म्हणाला, विचारून सांगतो, परत कर फोन. तो मधला वेळ आम्ही तिघे रसवंतीच्या बाकावर बसलो. प्रशांत म्हणाला, "सर, ते नाई म्हनले त?" सर म्हणाले, "तर मी काढीन. तुह्या हातानं नाई, माह्या हातानं." ते असं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी ग्लासातला बर्फ हलवला.

दुसऱ्या फोनला प्रशांत लवकर बाहेर आला. "चालते म्हनले," तो म्हणाला, आणि मग ऐट विसरून रस्त्यातच सरांच्या पायाशी वाकला.

गुरुजींचं पुस्तक उन्हाळ्याच्या तोंडाशी छापून आलं. 'किस' बरोबर त्याच्या जागी होता. गुरुजींनी पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं आणि शाईचा वास घेतला. पोडावरच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी त्यातलं पान वाचून दाखवलं, तर तो म्हणाला म्हणे, हे तर मीच बोललो होतो, यात लिहायचं काय होतं. गुरुजी हे सांगताना फार खूश होते.

आणि मग एका दुपारी क्लासचा फोन वाजला. हैदराबादहून प्रशांत. नेहमीची थट्टा नाही. "टायपिस्ट," तो म्हणाला, "मले माह्यंच पाकीट भेटून नाई राह्यलं वं."

तो तिथल्या एका सायबर कॅफेतून बोलत होता. घरचा कॉम्प्युटर त्यानं धाकट्या भावासाठी ठेवला होता आणि भावानं सगळं पुसून गाणी भरली होती. कोठारात शोधलं तर बाराखडी नव्या माणसाला दिसत नाही, आणि हैदराबादच्या त्या मशीनवर प्रशांत हा नवा माणूस होता. मी सरांना सांगितलं. मला वाटलं, सर एक कळ दाबतील, त्याचं त्याला देतील. त्यांना ते सहज शक्य होतं.

"नियम हाये," सर म्हणाले. "मालक असला म्हनून काय झालं? तुह्या जवय हाये ना, गुरुजीच्या कामातलं? तू दे त्याले."

मी त्याला ईमेलनं पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणा शिकलेल्या माणसाला काहीतरी देत होते, आणि ते त्याचंच होतं.

थोड्या वेळानं फोन परत वाजला. प्रशांत हसत होता, पण ते हसणं वेगळं होतं. "इथं एक पुन्याचा हाये. मी शाया म्हनलो त पोट धरून हसला लेकाचा. कोनती शाया, म्हने. तवा मले खटकलं. आता पाह्यलं त तेच निंगालं. टायपिस्ट, मी ळ कुठं ठेवला माह्यीत हाये? य च्या जवय."

 ळ तर ह च्या पुढे असतो. बाराखडीच्या तक्त्यावर तो तिथेच असतो, सगळ्या शाळांच्या भिंतींवर. पण प्रशांतच्या कानात डोळा कधी नव्हताच, डोया होता. सकाळ नव्हती, सकाय होती. त्यानं कानानं बाराखडी लावली. आणि आम्ही सगळ्यांनी ती तपासली, सरांनी, मी, क्लासच्या पोरांनी, आणि एकालाही चूक दिसली नाही, कारण आम्ही सगळेच डोया म्हणणारे. गुरुजींना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "माझ्या पुस्तकात ळ कुठं दिसला तुला?" त्यांच्या शब्दांत तो आलाच नव्हता.

पण बाकीच्यांच्या कामात येणार होता. आणि बाराखडी तर बंद, जशी होती तशी. नियमानं तिच्यात कोणी हात घालू शकत नव्हतं. प्रशांतही नाही, आणि कंपनीमुळे तो नवं पाकीटही बांधू शकत नव्हता.

"मंग कोन करन?" मी विचारलं.

"तू कर," तो म्हणाला. "तुह्या जवय सगयं हाये. जसं हाये तसं घे, अन् ळ नीट ठेव. नाव दुसरं लागन, कानाले वेगयं वाटन असं."

मी सरांकडे पाहिलं. ते ऐकत होते आणि अजिबात मदतीला येत नव्हते. मी म्हटलं, सर, मला नाही जमायचं, माझं इंग्रजी, माझी नववी. सर म्हणाले, "पाह्य बेटा, काय झालं ते वाच." मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि मी वाचत बसले. किती दिवस लागले ते आता आठवत नाही. बऱ्याचदा मोडलं. मोडलं की काय मोडलं ते पडदा सांगायचा, मी अक्षर अक्षर लावायची. शेवटी एका सकाळी ळ जाऊन ह च्या पुढे बसला आणि तिथेच राहिला. पाकिटाला मी 'वर्णक्रम' नाव दिलं. ते ऐकून प्रशांत फोनवर म्हणाला, "शुद्ध झाली वं तू एकदम."

कोठारात घालताना पडदा पाकिटाचं नाव विचारतो, मग काम काय ते विचारतो, आणि मग मालकाचं नाव. तिथे मी थांबले. आमच्या घरात सातबारा कोणाच्याच नावावर नव्हता. राशनकार्डावर मी बापाच्या नावाखाली होते. मालक या शब्दापुढे आमच्यातल्या कोणाचं नाव मी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. आणि आमच्याकडे नाव सांगून भागत नाही. नुसतं वंदना म्हटलं की समोरचा पुढचं विचारतो, आणि आडनाव सांगितलं की त्याला आमची वस्ती, आमचा विहार, आमचं सगळं न सांगता कळतं. मग काहींचा आवाज बदलतो, काहींचा नाही. जगभरच्या लोकांना ते दिसणार होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते वाचून काहीच कळणार नव्हतं. पण पांढरकवड्यात कळणार होतं.

"सर, नुसतं नाव लिवलं त चालन का?"

"चालन," सर म्हणाले. "तुह्यी मर्जी. मंग बदलत नाई, एवढं पाह्य."

खाली दुकानात कोणी तरी वाघवालं बी मागत होतं. मी नाव लिहिलं. मग जागा सोडली आणि पुढचं लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर बघून, आडनावासकट.